छापलेली कातडी

६ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची. खोली वाटली होती त्याच्या दुप्पट मोठी आहे, खिडकीतून ऊन थेट पलंगावर येतं, आणि न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या नळाला चक्क गरम पाणी येतं. ही वही धाकट्या भावानं निघताना हातात कोंबली. म्हणाला, ताई, नऊ वर्षं लोकांचे प्रिंटर उपसलेस, आता पहिल्यांदा काहीतरी नवं करतेयस, तर लिहून ठेव. बरं बाबा, ठेवते.

कामाची गंमत अशी. मागच्या महिन्यात डॉक्टर आमच्या दुरुस्तीच्या दुकानात शाईचं एक जुनं कार्ट्रिज घेऊन आले आणि हे प्रिंटरशिवाय चालेल का म्हणून विचारू लागले. मालक हसले. मी नाही हसले. दोन दिवसांत मी ते टेबलावर चालवून दाखवलं. प्रिंटर नाही, कॉम्प्युटर नाही, बोटाएवढा एक मायक्रोकंट्रोलर आणि मूठभर तारा. कागदावर निळी सरळ रेघ उमटली. डॉक्टरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि तिथल्या तिथे मला नोकरी देऊ केली.

ते कातडीचे डॉक्टर, आता निवृत्त. घरात त्यांची बायको, म्हणजे काकू, आणि एकुलती एक मुलगी. ती सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी घरात चिमीच. दोन वर्षांपूर्वी कामावर भडका उडाला आणि तिची पाठ, खांदे, मान होरपळली. जखमा धड भरत नाहीत, आणि दुसरीकडून काढून लावायला तिच्या अंगावर पुरेशी चांगली कातडी उरलेली नाही. इस्पितळानं हात टेकले. डॉक्टरांनी टेकलेले नाहीत. त्यांना कातडी छापायची आहे. शाईच्या जागी पेशी.

मला तर हुरूपच आला. काकूंनी जेवायला बळेबळे तीनदा वाढलं.

९ जानेवारी, गुरुवार

परसातल्या पत्र्याच्या खोलीत बस्तान बसवलं. एका मेलेल्या प्रिंटरचा दांडा आणि मोटर काढून त्यावर कार्ट्रिज बसवलं. त्याच्या पोटाखाली बारा नोझल असतात, केसाहून बारीक भोकं. प्रत्येकाच्या मागे एक इवलासा हीटर. त्याला पाच मायक्रोसेकंद वीज दिली की मागचा द्रव उकळतो, बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर उडतो. वीज जरा जास्त रेंगाळली की हीटर जळून खाक. म्हणून मायक्रोकंट्रोलर हवा. तो मोजून वीज सोडतो, एका नोझलला दम खाऊ देतो, मग दुसऱ्याला हाक मारतो. सकाळी तीन नोझल जाळले. दुपारपर्यंत हात बसला.

चिमी शाल पांघरून बघायला आली. मान वळत नाही, म्हणून ती अख्खी वळते. तिनं स्वतःचं नाव छापायला सांगितलं. घाईत माझी एक ओळ चुकली आणि दुसरी वेलांटी तुटकी आली. ती म्हणाली, बघा ताई, माझं नावसुद्धा भाजलंय. मी चपापले आणि मग दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पोरगी आवडली मला.

१७ जानेवारी, शुक्रवार

कार्ट्रिज फोडून आतला स्पंज काढला, पाणी निर्मळ येईपर्यंत धुतलं. डॉक्टरांनी चिमीच्या पेशी गुलाबी पाण्यात घालून दिल्या, मी त्या तबकातल्या पारदर्शक लगद्यावर थेंबाथेंबानं छापल्या. तिसऱ्यांदा छापलं आणि तिसऱ्यांदा त्या मेल्या. तबक करडं पडतं आणि वास सुटतो. दिवसभर ओलं राहिलेलं बँडेज नाकाला लावावं तसा. डॉक्टर झाकण उघडून वास घेतात, अगदी खोल, आणि मान हलवतात. मी खिडकी उघडते.

२२ जानेवारी, बुधवार

नोझल तुंबतात. आज कार्ट्रिजच्या तळावर पातळ पापुद्रा धरला होता, दुधावर साय धरते तसा. चिमट्यानं ओढला तर तुटेना, लांबत गेला. संध्याकाळी काकूंनी दूध दिलं, मी ते झाडाला घातलं.

तळाची धातूची पट्टी काढताना बोट चांगलंच कापलं. कातडीचा तुकडाच लोंबायला लागला. डॉक्टरांनी स्वतः तो कातरला, मलमपट्टी केली, रक्ताचा बोळासुद्धा स्वतः उचलून नेला. माणूस हळवा आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

जमलं! नव्या पेशी तगल्या. पाच दिवसांत तबकभर पातळ, ओलसर, फिकट पडदा. डॉक्टर लहान मुलासारखे नाचले. काकूंनी मला मिठी मारली आणि रडल्या. धाकट्याला फोन करून सांगितलं, तर त्याला वाटलं मी थापा मारतेय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पडदा आता हातरुमालाएवढा झालाय. त्यावर छिद्रं दिसतात. मी छापलेली नाहीत ती. सकाळी झाकण उघडलं तर वर तेलकट घाम होता, बारीक थेंबांचा. पंख्याचा वारा लागला आणि त्यावर काटा आला. नुसत्या एका तुकड्यावर, जो कोणाचाच नाही, त्यावर सर्रकन काटा.

डॉक्टर हातमोजे न घालताच त्यावरून हात फिरवतात. मऊ आहे म्हणाले. मी बाहेर जाऊन ओकले.

१० फेब्रुवारी, सोमवार

तबक साफ करत होते. त्या घामाचा वास ओळखीचा वाटला. आठवेना. कामाचा अंगरखा डोक्यावरून काढताना नाकाशी आला आणि कळलं. तो वास माझ्या काखेचा आहे.

सरळ डॉक्टरांना विचारलं. त्यांनी लपवलंही नाही. बोटाचा तो तुकडा त्यांनी ठेवून घेतला होता. चिमीच्या पेशी टिकेनात, त्यांच्या स्वतःच्या म्हाताऱ्या, काकूंच्याही तशाच. तुमच्या पेशी फार उत्तम आहेत, असं म्हणाले, एखाद्याच्या अक्षराचं कौतुक करावं तसं. मी म्हटलं, विचारायचं तरी. ते म्हणाले, विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता, मग काय फरक पडला.

तीनदा आंघोळ केली. स्वतःचं अंग स्वतःला नको झालं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बॅग भरली होती. चिमी खोलीत आली. पाठमोरी उभी राहिली आणि शाल खाली टाकली. दोन वर्षांत मी पहिलीच परकी, जिला तिनं ते दाखवलं. कच्चं, लाल, पिवळ्या पाण्यानं चिकट. म्हणाली, ताई, मला दोन वर्षांत उताणं झोपता आलेलं नाही.

बॅग परत उपसली. पण हे मी डॉक्टरांसाठी करत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल डॉक्टरांनी चिमीच्या डाव्या खांद्यावर तो तुकडा लावला. दुसऱ्याची कातडी शरीर झिडकारतं, असं त्यांनीच सांगितलं होतं. हिच्या शरीरानं झिडकारली नाही. आज पट्टी सोडली तर कडा जुळून गेल्या होत्या. वाहणं थांबलंय. काकू देवाघरून प्रसाद यावा तशा त्या खांद्याकडे बघत होत्या. मीही बघितलं. माझा रंग, तिच्या अंगावर. आनंद झाला, खरंच झाला. शिसारीही आली. दोन्ही एकदम.

२३ फेब्रुवारी, रविवार

पाठ जवळजवळ झाकली गेली. डॉक्टरांनी एवढी लावलेलीच नाही. ती आपली आपण वाढतेय. चिमी दोन रात्री उताणी झोपली.

दुपारी सोल्डरिंगची तापलेली सळई माझ्या अंगठ्याला लागली. मी ओरडायच्या आत घरातून चिमीची किंकाळी आली. धावत गेले. ती खांदा धरून बसली होती. तिथं गोल लाल चट्टा उठला होता, माझ्या अंगठ्यावर उठला तसाच.

 तिनं हळूच स्वतःच्या खांद्याला चिमटा काढला. मला दुखलं.

२५ फेब्रुवारी

कातडी मानेवर चढली. जखम नव्हती तिथंही. चांगल्या कातडीवरून साय पसरावी तशी जाते, आणि खालची गिळते.

तिच्या हनुवटीखाली एक पुटकुळी झाली. डॉक्टरांनी दाबली. पू निघाला. माझ्या हनुवटीखाली काही नव्हतं, तरी मला तो दाब लागला, ते गरम फुटणं लागलं. ओशट, किळसवाणं.

डॉक्टरांना म्हटलं, थांबवा. ते म्हणतात, अजून हात राहिलेत.

२७ फेब्रुवारी

मायक्रोकंट्रोलरच्या तारा उपटल्या. कार्ट्रिज बुटाखाली चिरडलं. आत शाईची पोकळी असते तिथं केस भरले होते — काळे, माझ्याएवढे लांब, ओले, गुंडाळी करून. हाताला चिकटले. निघेनात. साबणानं घासले, दातांनी —

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, आता यंत्राची गरजच उरलेली नाही.

२८ फेब्रुवारी

चिमीचा डावा कान बंद झाला. भोकच राहिलं नाही, गुळगुळीत. तिला त्या बाजूनं ऐकू येत नाही. आरशात बघून ती म्हणाली, ताई, ही तुम्ही आहात की मी?

इस्पितळात नेऊ म्हटलं. डॉक्टरांनी गाडीची किल्ली खिशात घातली. दोन वर्षं तिथंच गेली होती, काय मिळालं, म्हणाले. काकू पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडल्या.

१ मार्च, सकाळ

तोंड —

चिमी उठली तेव्हा ओठ जुळलेले होते. शिवण नाही, रेघ नाही, नुसती कातडी. घाम आलेला. आतून ती ओरडते, ते घशातच राहतं. वरून गाल फुगतो.

काकूंनी डॉक्टरांना पत्र्याच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. तिकडून ते दार बडवताहेत. तिला कापू नका, फार सुंदर आलीय, असं ओरडताहेत.

रुग्णवाहिकेला फोन केला. चाळीस मिनिटं लागतील म्हणाले.

१ मार्च, सव्वादहा

जे कोणी येतील त्यांच्यासाठी लिहिते आहे. ही कातडी माझ्या पेशींची आहे. हिच्या अंगावरची काढायला हवी, सगळी. पुन्हा कुणाला लावू नका. परसातल्या खोलीतली तबकं जाळा. झाकणं उघडू नका. वास घेऊ नका.

चिमीची एक नाकपुडी बुजली आहे. दुसरी अर्धी. धाप लागलीय. काकू तिचं डोकं मांडीवर धरून बसल्यात. चाळीस मिनिटं ही तगणार नाही.

ब्लेड उकळून घेतलं.

तिनं डोळ्यांनी मला नको म्हटलं. कळलं मला. तिला माहीत आहे की दुखणार मला आहे. मी म्हटलं, गप पड, चिमी. माझीच कातडी आहे, मला हवं ते करीन.

दहा वीस

पहिला काप. उजव्या कोपऱ्यापासून. माझे ओठ — रक्त नाही, पण जीभ बाहेरून थंड लागते, ओठ उसवल्यासारखे. किंचाळले असेन. काकू रडताहेत.

अर्धं तोंड उघडलं. आत वास — माझ्या तोंडाचा. तिनं श्वास घेतला. घेतला! ती काहीतरी म्हणतेय. पुढे कापा म्हणतेय का थांबा म्हणतेय, कळत नाही —

दहा पंचवीस

कडा परत जवळ येताहेत. कापलेल्या. एकमेकींना शोधत. बोट मध्ये घालून ठेवलंय माझं. डाव्या हाताचं. ती चावत नाहीये. ती नाहीये चावत. कातडी बोटाला धरतेय, कोमट, ओढतेय. काकू ब्लेड घ्या. काकूंना सांगितलं, माझ्याकडे बघू नका, तिच्या श्वासाकडे बघा, आणि बोट आड आलं तर बोटासकट —