लेथला खायचं तेल लावू नये

मी, खाली सही करणारा, गल्ली ज्याला मिस्त्री म्हणते तो, धंद्याने टर्नर, म्हणजे लेथच्या यंत्रावर लोखंड कातणारा, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या दबावाला न जुमानता आणि सकाळचा चहा झाल्यावर हे लिहून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एकदा करता करता राहिलो, ते बरंच झालं. कारण पुढे येईल.

१. घराचा खालचा मजला, लेथच्या खोलीसकट, आणि बँकेत असेल नसेल ते, माझ्या वहिनींना द्यावं. थोरला भाऊ गेल्यापासून त्या वरच्या मजल्यावर राहतात. मी लग्न केलं नाही. दोन वेळचं ताट वरूनच आलं.

२. कोपऱ्यातला पत्र्याचा डबा तेलवाल्याला परत द्यावा. कटिंग ऑईल म्हणून त्याने मला गाडीचं जळकं तेल गाळून विकलं. आटे पाडताना इतका धूर झाला की वहिनी पाण्याची बादली घेऊन खाली धावल्या. डबा देताना "मिस्त्रींनी आठवण काढली होती" एवढंच सांगावं.

३. मायक्रोमीटर समोरच्या घड्याळवालीला. ती वस्तू जागेवर ठेवते आणि न मागता सल्ला देत नाही.

४. लेथ. भांडण झालंच तर याच्यावरून होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या बहिणीचा मुलगा, माझा भाचा, याने मी जिवंत असतानाच भंगारवाल्याशी परस्पर बोलणी केली आहेत. भंगारवाला दारात उभा राहून लेथचं वजन डोळ्यांनीच करतो.

मागे माझा पाय मोडला आणि मी बरेच महिने इस्पितळात पडून होतो. कूलंट म्हणजे कातताना धातू थंड राहावा म्हणून लेथखालच्या टाकीत ठेवतात ते पाण्यात कालवलेलं तेल. दिसतं दुधासारखं आणि पंप बंद राहिला की नासतंही दुधासारखंच. मी चार दिवस काम थांबवलं तरी वहिनी जिन्यातून ओरडत, "भावजी, खाली कुणी मेलंय का?" त्यामुळे घरी येताना मनाची तयारी होती: टाकीत घाण, लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब पाटावर, गंज. येऊन बघतो तर टाकी रिकामी, घासून कोरडी केलेली, आणि बेडवर गंजाचा ठिपकासुद्धा नाही.

"मामा, सगळं मी केलं," भाचा म्हणाला.

माझा ऊर भरून आला. त्याच आठवड्यात मृत्युपत्र करून लेथ त्याच्या नावे लिहिणार होतो.

मग लेथ सुरू केला, तर टूल धरणारा भाग बेडवरून सरकेना. सगळं चिकट. बोटाने खरवडून वास घेतला. खायचं तेल! कानाकोपऱ्यात, मन लावून चोपडलेलं. हे तेल सुकून डिंकासारखं होतं, हे कुठलाही टर्नर सांगेल. आणि स्वयंपाकघरात तेल कुठे ठेवतात, हे भाच्याला आजतागायत माहीत नाही. त्याला पाणीसुद्धा हातात लागतं.

म्हणजे नाक दाबून ती घाण बादली बादलीने उपसणारी बाई कोण, हे सांगायला नको. भाचा फुशारकी मारत होता तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या. माझ्या हातात चहा देऊन वर गेल्या. मी रॉकेलचं फडकं घेऊन दिवसभर बेड पुसत बसलो.

"मशीन ठीक आहे ना, भावजी?" जिन्यातून आवाज आला.

"एकदम ठीक, वहिनी."

"मग चालू का नाही? तो खडखडाट नसला की मला दुपारची झोप लागत नाही मेली."

ज्या आवाजावरून जन्मभर भांडल्या, त्याच्याबद्दल हे! माझ्यासाठी एवढं कुणी कधी केलं नव्हतं. मला रडू आलं. खाली आल्या तेव्हा रॉकेल डोळ्यांत गेलं म्हणून सांगितलं.

सबब लेथ वहिनींना. विकायचा झाला तर चालता विकावा, फोडून नाही. घेणाऱ्याला आधी सांगावं: पोलादाला कूलंट, आटे पाडायला घट्ट तेल, अॅल्युमिनियमला रॉकेल, पितळ आणि ओतीव बीड कोरडंच, कूलंट कालवताना पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. हे ऐकताना ज्याला जांभई येईल त्याला देऊ नये.

५. वहिनी, बेडला लाल डब्यातलं तेल लावा. खायचं नको. तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही. टाकी रिकामीच राहू द्या. जेवण झालं की हिरवं बटण दाबा आणि वर जाऊन पडा. चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या जबड्यात, काम नसलं तरी आवाज तोच येतो. उठल्यावर बंद करा.

६. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. हा कायदा मला फार आवडला. मी लगेच दोन निरोप धाडले. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवावा लागत नाही, असंही त्या म्हणाल्या. भाचा नक्की विचारेल, "मामा, लेथचं लिहिलंस ना?" मी म्हणेन, "सविस्तर लिहिलंय. तू सही कर."

स्थळ: लेथची खोली
दिनांक: आजचाच, शनिवार, टाकी धुण्याचा दिवस
सही: मिस्त्री

साक्षीदार:
१. भंगारवाला (सही)
२. भाचा (सही, घाईत)