शेपटीचा वरचा कोपरा

रवि. ७ नोव्हेंबर १९५४, बोरिवली
आज पुन्हा नदीवर. पुन्हा हात हलवत परत. दादा गेल्यापासून... नाही, ‘गेल्यापासून’ लिहायचं नाही. दिसेनासा झाल्यापासून. श्रावणात वरच्या डोहावर गळ टाकायला गेला. जांभळाखाली चपला सापडल्या, गळाची काठी सापडली, माणूस नाही. पाणी चढलेलं होतं. खाडीपर्यंत शोधून झालं.

काका सकाळीच येऊन बसले. “सद्या, किती थांबायचं? दर्भाचा पुतळा करू, अग्नी देऊ, मोकळे होऊ.” आत वहिनी भांडी आदळत होत्या. कुंकू हल्ली पूर्वीपेक्षा मोठं लावतात, काकांना तेच खुपतं. मी दादाची काठी उचलली नि सटकलो. मला मेल्याला मासा लागत नाही तो नाहीच.

रवि. १४ नोव्हें.
दादाच्या शिव्या आठवून आठवून बसलो. “गाढवा, सावली पाण्यात पाडू नको. खालच्या अंगाने वर चढ, मासा धारेकडे तोंड करून असतो. गांडूळ ओढू नको, वाहू दे.” तसंच केलं. ऊन समोर, सावली मागे. तीन खवल मासे, वीत-वीतभर! झकास.

घरी नेले तर वहिनींनी टोपली दारातच अडवली. “भावोजी, त्या डोहातलं या चुलीवर चढायचं नाही. काय खाऊन पोसलेत कोण जाणे.” बोलून गेल्या आणि पदर तोंडात धरला. मासे मांजरीला घातले. माझंही जेवण गेलं नाही.
आता धरायचे नि सोडायचे.

रवि. २१ नोव्हें.
सोडायचा मासा खुडून सोडायचा, ही आमची लहानपणची रीत. शेपटीचा वरचा कोपरा दादाचा, खालचा माझा. नखाने चिमूटभर. तोच मासा परत लागला तर कुणाचा, यावरून किती मारामाऱ्या केल्या.

आज चौथा मासा हातात घेतला नि वरचा कोपरा नाही. कड लालसर. ताजी.
श्रावणातला असता तर एव्हाना भरून आला असता. खेकड्याने तोडला असेल. पण खेकडा इतका नीट तोडतो?
घरी काही बोललो नाही.

मंगळ. २३
कचेरीला दांडी. वरच्या पाड्यावरचा वारली लाकडं घेऊन उतरत होता, त्याला विचारलं, वर गळ कोण टाकतं?
“कोनी नाय. आमी जालं लावतो. तां डोहावर तर आता जालं पन नाय.”
“का रे?”
“नाय जात, बस.” मोळी सावरून चालू पडला. थांबायलासुद्धा तयार नाही.

रवि. २८ नोव्हें.
आणखी दोन, वरचा कोपरा खुडलेले.
दहाच्या सुमाराला सगळे मासे एकदम पांगले. उथळ पाण्यात एक उरला नाही. मी हललो नव्हतो. माझी सावली मागे होती. मग पाण्यात पडली कुणाची? वळून बघायची छाती झाली नाही, खरं सांगतो. बघितलं तेव्हा जांभूळ आणि ऊन.

संध्याकाळी काकांनी दिवस ठरवला. बारा तारीख. वहिनी रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, “तुम्ही सख्खे भाऊ. ते नाहीत असं तुम्ही म्हणा, मी या हाताने पुसते. काकांचं नाही ऐकायची.”
माझ्यावरच आलं सगळं.

रवि. ५ डिसें.
मोठा खवल लागला. ओठ जुन्या गळाने फाटलेला, कुठेही ओळखू येईल. शेपटी धड, दोन्ही कोपरे शाबूत. खालचा खुडला. सोडताना मोठ्याने म्हणालो, “दादा, असलास तर...”
पुढे काय म्हणायचं ते ठरवलंच नव्हतं. वेड्यासारखा बसून राहिलो.

शनि. ११ डिसें.
लागला. तोच. फाटका ओठ. खालची माझी खूण, कड पांढरी पडलेली. वरचा कोपरा खुडलेला. अजून लाल.

हाक मारली. घसा बसेपर्यंत मारली. ओ आली नाही.
नाही सोडला. बादलीत घालून धावतपळत घरी आणला. ओटीवर उद्याची दर्भाची जुडी येऊन पडलेली. वहिनींना आमची खूण ठाऊक आहे, दादानेच सांगितली होती. पाण्यात हात घालून शेपटी चाचपली, दोन्हीकडून, बराच वेळ. मला वाटलं आता हसतील.

म्हणाल्या, “भावोजी, खुडणारा हात ऊन होता की गार, हे यावरून कळतं का हो?”


बादली मोरीत आहे, मासा फिरतोय. काका सकाळी भटजींना घेऊन येतील. मला आधी विचारतील.