खड्ड्यातला नारळ

मंगळवार, संध्याकाळ. सोनगीर.

आज हात टेकले. पाण्याच्या टाकीच्या एका खांबाखाली मुरूम लागलाच नाही, नुसती काळी माती. पावसात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार. भरल्या टाकीचा भार तिच्यावर कसा टाकू? खड्डा खोल करा, पाया रुंद करा म्हटलं, तर जागा देणारे नाना आडवे आले. "पूजा व्हई गयी, ताई. आते कुदळ नको." तळाशी सकाळचा नारळ होता.

शेवटी मी चिडले. "नाना, टाकी कलली तर खाली पहिलं घर तुमचंच."

फार बोलले का? नाना स्वतः खड्ड्यात उतरले, नारळ काढून माझ्या हातात दिला. "मुरूम लागना की तूच ठेवजो." म्हणजे मुरूम लागला की तो मीच परत तळाशी ठेवायचा.

नारळ आता ओट्यावर आहे. जेवण गेलं नाही. उद्याही मुरूम लागला नाही तर?