खालची, शेवटून दुसरी दाढ

प्रिय एझरा,

परवा तुझ्याकडे यायला निघणाऱ्या तुझ्या भाचीच्या, केरेनच्या, पिशवीत आमसुलं आहेत. त्यांच्याखाली हे पत्र आहे. दातांबद्दल आहे, तेव्हा बसून वाच.

माझी खालची, शेवटून दुसरी दाढ आठवते ना? ‘मुळं आकड्यासारखी वळलीत, दुखली की उपटायची,’ असा निकाल तू न्यायाधीशाच्या थाटात दिला होतास. ती गेल्या महिन्यात दुखली. तुझ्या दवाखान्यात गेलो. तुझ्या म्हणजे आता तुझ्या लेकीच्या, आदिनाच्या. पाटीवर अजून तूच आहेस, म्हणून गल्लत होते. तिने एक्स-रे काढला आणि रूट कॅनालसाठी मुंबईच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली. तुझा जुना कंपाउंडर काशिराम हळूच म्हणाला, वाकडं मूळ दिसलं की ताई चिठ्ठीच लिहितात, तीन वर्षं झाली. म्हणजे तू तिकडे मुलाकडे जायच्या आदल्या आठवड्यात तिची यंत्रावरची फाईल, मूळ आतून साफ करायची ती सुई, एका मुळाच्या वळणात तुटली, आणि तू पेशंटसमोर तिला विचारलंस, ‘यंत्र चालवायला शिकलीस, बोटं कधी चालवणार?’ तेव्हापासून.

मी म्हटलं, कंबर धरलीय, मुंबई जमणार नाही. करायचं तर तूच कर. नववी ब मी गृहपाठ मागितल्यावर माझ्याकडे जसं पाहते, तसं तिने पाहिलं.

अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवतोय, पण तोंड सताड उघडं आणि एक अक्षर बोलायची सोय नाही, हा योग पहिलाच. मनात ‘राम’ चालवायला घेतला. तिने आधी हाताने वाट शोधली. मग यंत्र: केसासारखी बारीक फाईल, कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींनी थरथरणारी, सोबत पाण्याची धार. पण दाढेत घालण्याआधी ती थांबली. एक्स-रे निरखून फाईलला चिमटीत हलकेच बाक दिला, पुन्हा पाहिलं, पुन्हा दिला. जीभ डाव्या गालात. अशी जीभ घालून फाईल वाकवणारा दुसरा दंतवैद्य मी एकच पाहिलाय. यंत्राचा जोर अगदी कमी. टेकवायची नि उचलायची, घाई नाही. माझी तिन्ही लिंगं संपली, धातूंवर आलो, तेव्हा म्हणाली, ‘काका, मिटा तोंड. पण बोलू नका.’ मिळालेला हक्क दुसऱ्याच वाक्यात काढून घेतला; लेक तुझीच.

काम झाल्यावरचा नवा एक्स-रे सोबत आहे. शाळेत दाखवायला हवा म्हणून तिच्याकडून मागून घेतला. तेही खोटं, कंबरेसारखंच.

या पत्राचा तिला पत्ता नाही. वाशीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळतेय, दवाखाना बंद करते म्हणते; रविवारी होकार द्यायचाय. नोकरी हवी म्हणून जात असेल तर खुशाल जाऊ दे. पण आपला हात कमी पडतो म्हणून जात असेल, तर ते माझ्या सांगण्याने मिटणार नाही. दर शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागायच्या आधी तू तिला फोन करतोस आणि बाप-लेक हवामानावर बोलता. या शुक्रवारी हवा राहू दे. एक्स-रे समोर धर. चूक सापडली तर सांग. नाही सापडली, तर तेही सांग. ते तू तिला अजून एकदाही सांगितलेलं नाहीस.

तुझाच, पण यापुढे तिचा पेशंट,
महादेव