जास्तीची सुई

व्हिरोक्वा, विस्कॉन्सिन
७ मार्च १९८२

ती. सोल्वेगताईस,
सा. न. वि. वि. इकडे सगळे ठीक. बर्फ हटायला तयार नाही, त्यामुळे गायी अजून गोठ्यातच.

एक गोष्ट बायको असून मॅव्हिसलाही ठाऊक नाही. मेंदूतली ग्रंथी माझ्या वृषणांना निरोपच धाडत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्या निरोपाचं काम करणाऱ्या सुया आठवड्यातून तीनदा सुरू केल्या. आवाज फुटला, तिशीत दाढी आली, हे तू पाहिलंसच. पण मूल लवकर व्हावं म्हणून मी गुपचूप रोज टोचून घ्यायला लागलो. दूध घटलं की पेंड वाढवतो, तसंच. आता दाढी विरळ झालीय, रक्तातलं पुरुषी संप्रेरकही उतरलंय. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडत नाही, बंदच करू. मग बाप होणं विसरायचं. खरं सांगायची लाज वाटते गं.

तुझा,
लार्स

बॉस्टन
१५ मार्च १९८२

चि. लार्स,
अ. उ. आ. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! लहानपणी केक फुगायच्या आत भट्टी उघडायचास, अजून तोच आहेस.

वृषणातल्या पेशी ते संप्रेरक टप्प्याटप्प्याने घडवतात आणि प्रत्येक टप्प्याला वेगळं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. ग्रंथीचा निरोप आला की विकरं वाढतात. पण आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांवर आम्ही निरोपांचा भडिमार केला, तेव्हा पेशींनी कान बंद केले आणि शेवटाकडचं विकरच मंदावलं. माल अर्धवट पडून राहिला. अति तिथे माती, दुसरं काय! मारा थांबवल्यावर पेशी पुन्हा कामाला लागल्या.

तुझंही तसंच झालं असावं. पण मी डॉक्टर नाही, उंदरांवरून तुझी हमी देणार नाही. डॉक्टरांना खरं सांग, आणि त्याआधी मॅव्हिसला. फार काळजी वाटते रे.

तुझी,
सोल्वेग

व्हिरोक्वा
२० नोव्हेंबर १९८२

ती. ताईस,
सा. न. वि. वि. डॉक्टर रागावले, मॅव्हिस त्याहून जास्त. औषध आता तिच्या ताब्यात असतं आणि मला नुसतं दंड पुढे करायचं काम. मधे विश्रांती देऊन डॉक्टरांनी बेताने सुया पुन्हा सुरू केल्या. दाढी परतली, रक्तही सुधारलं.

काल त्यांनी आम्हाला सूक्ष्मदर्शकातून माझे शुक्रजंतू दाखवले. आजवर तिथे काहीच नसायचं. माझी बघायची छाती होईना, म्हणून मॅव्हिस आधी वाकली. कितीतरी वेळ तिने डोळा काढला नाही. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "थोडेच आहेत लार्स, पण पोहतायत."

माया अशीच राहू दे.

तुझा,
लार्स