कीपची खरी वाक्यं

अक्का, आज ऑफिसात एका नव्या मुलीनं मला पेचात टाकलं. आमच्याकडे गिऱ्हाइकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं द्यायचं काम चालतं आणि प्रत्येक उत्तराखाली एक ठरलेली ओळ असते, ‘वुई विल कीप यू इन्फॉर्म्ड’, म्हणजे पुढचं तुम्हाला कळवत राहू. ही मुलगी दोन महिन्यांपूर्वी लातूरहून आली आहे. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मॅडम, पण आपण कळवत तर काहीच नाही. मग हे लिहायचं कशाला?" मी म्हटलं, "लिहायचं असतं." ती बिचारी गेली आपल्या जागेवर. मी मात्र तशीच बसले, कारण तुम्ही असतात तर त्या ओळीवर लाल पेन्सिल फिरवली असती. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या काळात ही ओळ मी रोज लिहीत आले आहे.

मल्लेश्वरमच्या त्या घरात तुम्ही खाली, आम्ही वर. लग्न होऊन नागपूरहून या कानडी शहरात आले तेव्हा भाजीवाल्याशी बोलायची चोरी, शेजारणीशी बोलायची चोरी. दिवसभर जिन्यात बसून आईशी फोनवर बोलायचे. एकदा तुम्ही दार उघडून म्हणालात, "मराठी की ग तुम्ही? आम्ही पण. ये, स्वल्प बस, कॉफी टाकते." तुमचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. तुमच्या मराठीत अर्धी कन्नड मिसळलेली, माझ्या मराठीत अर्धी हिंदी, आणि तरी दोघींना एकमेकींचं बरोबर कळायचं. तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या आहात हे ऐकलं आणि मी त्याच दिवशी गळ घातली. मला नोकरी करायची होती. बी. कॉम.चं सर्टिफिकेट साड्यांच्या खाली पडून होतं.

तुमची शिकवायची तऱ्हा जगावेगळी. एक क्रियापद घ्यायचं आणि ते अंगात मुरेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. ‘कीप’वर आपण अख्खा महिना काढला. पहिल्या दिवशी मी गाईडातून उतरवून आणलं, ‘आय कीप अ डॉग.’ तुम्ही कढीपत्ता निवडत होतात. हातातली काडी खाली ठेवलीत, वाकून टेबलाखाली पाहिलंत, मग दारामागे पाहिलंत. "कुठं आहे ग कुत्रं?" मी हसले. तुम्ही हसला नाहीत. सगळं पान आडवं खोडलंत आणि म्हणालात, "व्याकरण बरोबर आहे. पण खोटं वाक्य माझ्या स्वयंपाकघरात चालत नाही. जे घडलं तेच लिही." मला भयंकर राग आला होता. त्या दिवशी मी कॉफी अर्धी टाकून वर गेले.

पण दुसऱ्या दिवसापासून खरं लिहू लागले. ‘आय कीप माय सर्टिफिकेट अंडर माय सारीज.’ हा ठेवण्याचा कीप. ‘द करी लीव्ह्ज कीप फॉर अ वीक.’ हा टिकण्याचा. शब्द पाळण्याचा निराळा, एखाद्याला ताटकळत ठेवण्याचा निराळा. आणि पुन्हापुन्हा करत राहण्याचा कीप माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "तुमच्या नागपूरला ‘करून राहिली’ म्हणतात ना, त्याच्याच शेजारी राहतो तो." मग मी लिहिलं, ‘माय हजबंड कीप्स सेइंग लेटर.’ माझा नवरा सारखा नंतर बघू म्हणतो. तुम्ही वाचलंत, बरोबरची खूण केलीत. संध्याकाळी मात्र त्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून वर आलात आणि ह्यांना म्हणालात, "अहो, पुढच्या महिन्यात हिला इंटरव्ह्यूला पाठवायचं. नंतर नाही." ह्यांनी मान डोलावली. ते वाक्य खोटं लिहिलं असतं तर मी अजून त्या जिन्यातच बसले असते.

नोकरी लागली. पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही दोन पुडांचा स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवलात, झाकणावर तुमची आद्याक्षरं कोरलेला. "मोसरन्ना आहे, दहीभात ग. इट विल कीप टिल टू." दोन वाजता डबा उघडला तेव्हा भात खरंच जसाच्या तसा होता. आता, आपल्यात दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. मी ठरवलं, सांबारवडी करून भरून द्यायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे ऐकून तुम्ही पदर तोंडाला लावून हसला होतात, मग म्हणालात, "खाऊ घाल तर, म्हणजे कळेल." या शनिवारी करते म्हटलं. पण वडी म्हणजे निवांतपणाचं काम, आणि पहिल्याच महिन्यात आम्ही ऑफिसच्या जवळ, हेब्बाळला राहायला गेलो. डबा माझ्यासोबत आला. प्रत्येक फोनवर मी तुम्हाला पुढचा शनिवार देत गेले. रिकामा डबा घेऊन यायची लाज वाटते, असं स्वतःला सांगायचे. रिकाम्या डब्यापायी तुम्ही मला दारातून परत थोडंच पाठवलं असतं!

एका शनिवारी जे झालं ते मला टाळता आलं असतं. सकाळी तुमचा फोन. "येतेस ना ग आज? दूध जास्त घेऊन ठेवलंय." ऑफिसातल्या चौघीजणी सिनेमाला निघाल्या होत्या आणि मलाही बोलावलं होतं, या शहरात पहिल्यांदाच मला कुणी बोलावलं होतं. मी म्हटलं, "अक्का, ताप आलाय." तुम्ही विचारलंत,

"खरं वाक्य?"

"खरं."

"सरी, बरं. पडून राहा."

मी केस धुतले, नवा कुर्ता घातला आणि गेले. सिनेमा आठवत नाही. संध्याकाळी परतले तर वॉचमननं हाक मारली. कुणी अज्जी आली होती म्हणाला, मल्लेश्वरमहून, बस बदलून. वर जाऊन बेल वाजवली, मग खाली येऊन त्याच्या खुर्चीवर तासभर बसली. मॅडम तर सकाळीच तयार होऊन बाहेर गेल्या, असं त्यानं तिला सांगितलं होतं. त्या माणसाची काय चूक, त्यानं घडलं तेच सांगितलं. ऐकून अज्जी उठली आणि डबा त्याच्याकडे ठेवून गेली. तो डबा त्यानं माझ्या हातात दिला. त्याच्याही झाकणावर तीच आद्याक्षरं होती.

मी फोन केला नाही. काय बोलणार होते? रोज ठरवायचे, आज करते, आणि रोज वाटायचं तुम्ही पहिला प्रश्न तोच विचाराल. तुम्हीही केला नाहीत. चौथ्या आठवड्यात तुमच्या भाच्याचा फोन आला की पहाटे झोपेतच गेलात. मी दोन्ही डबे पिशवीत घालून तुमच्या घरी नेले होते. गर्दीत कुणाला द्यावे कळेना, आणि तेव्हाही ते रिकामेच होते. तसेच परत आणले. आता ते ओट्यावरच्या फळीत आहेत. त्यांत मी काही ठेवत नाही. थंडीत कोथिंबीर स्वस्त आणि ताजी मिळते तेव्हा सांबारवडी करते, सगळे बोटं चाटून खातात, आणि मी दरवेळी त्या फळीकडे पाठ करून तळते.

त्या मुलीला उद्या सांगणार आहे की ती ओळ काढून टाक, आणि वरच्यांनी विचारलं तर माझं नाव सांग. तुम्हाला मात्र हे सगळं कळायचा आता काही मार्ग नाही, आणि हा कागद मी कुणाला दाखवणारही नाही. फक्त एक गोष्ट राहिली आहे, ती मी ह्यांनाही कधी सांगितलेली नाही. त्या दुसऱ्या डब्यात मिरीचं सारू होतं, तापातल्या माणसाला देतात ते. घरी कुणी नव्हतं. ते फेकावं असं मनात आलं होतं, कारण बघवत नव्हतं. पण मी झाकण काढलं आणि ओट्यापाशी उभ्यानं सगळं पिऊन टाकलं. अजून कोमट होतं, अक्का, आणि मला ताप नव्हता.