दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात

नांदेड,
२२ सप्टेंबर २०२४

ती. अत्यांना मंजुश्रीचा शरणू.

मामांची तब्येत आता कशी आहे? छातीत स्टेंट टाकल्यापासून दुकानाच्या पायऱ्या चढताना ते मध्येच थांबतात, असं सोमेश म्हणाले. थांबू द्यावं. मागून कुणी घाई करू नये. तुमचं गुडघ्याचं तेल संपलं असेल, तर दुकानातल्या पोराला नाव लिहून द्या, तोंडी सांगितलं की तो भलतंच आणतो.

मी बरी आहे. लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त आणि माझी सुई. संध्याकाळी खोलीवर येते. फोन करावा म्हटलं, तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि अख्ख्या गल्लीला ऐकू येतं. त्यापेक्षा पत्र बरं. तुम्ही ते आधी चष्म्याशिवाय वाचून बघणार, मग चष्मा शोधणार, मला इथूनही दिसतं.

आता खरी बातमी. घरमालकीण तारामती काकूंनी मला गच्ची वापरायला दिली. काकू रेल्वेतून रिटायर झाल्यात, एकट्याच राहतात. म्हणाल्या, वर नुसतं ऊन वाळत घालण्यापेक्षा काहीतरी लाव. मी नर्सरीतून गुलाब आणला, तुळस आणली, मिरचीची रोपं आणली. कामावरून आले की पाणी, सकाळी उठले की पाणी. सगळी पिवळी पडून गेली. मला वाटलं, माझा हातच वाईट. मग कुंडी उपडी करून पाहिली, तर खालची माती काळ्या चिखलाचा गोळा, मुळं कुजलेली. तहानेनं कुणी मेलं नव्हतं, अत्या. मी पाणी पाजून पाजून मारलं.

तुमच्या परसातली माती कधी अशी बसलेली पाहिली नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी मी नवी नवरी होते. लोक घागरी घेऊन रांगेत, आणि तुमच्या मोरीमागं वांगी हिरवीगार. तुम्ही तेव्हा मडकी पुरली होती एवढं आठवतं. पण कशी, किती खोल, ते बघायचं सुचलं नाही. तेव्हा वाटलं होतं, बघायला जन्म पडलाय.

एवढं लिहून कळवा. आणि गच्चीवरच्या ड्रममध्ये दुधीचा वेल चढेल का? बी लावून बसले आहे.

दिवाळीला हैदराबादला सोमेशकडं जाणार का, विचारलंत. सुट्टीचं अजून नक्की नाही. त्यांचंही काम वाढलंय म्हणतात. बघू.

काळजी घ्या.

तुमची सून,
मंजुश्री


नांदेड,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. अत्यांना शरणू.

तुमचं पत्र मिळालं. मडक्याचं सगळं समजलं. बिनरंगाचं, कच्च्या भाजणीचं घ्यायचं, गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून तोंडावर झाकण ठेवायचं आणि रोपाला आपलं आपण पिऊ द्यायचं. मी कुंभाराकडं जाऊन असं मडकं मागितलं, तर तो म्हणाला, ताई, चांगलं घ्या की, हे पाझरतं. मी म्हटलं, पाझरणारंच पाहिजे. आता पाणी घालायच्या आधी मातीत बोट घालून बघते. ओल लागली की हात मागं. माया आवरायला शिकणं अवघड असतं.

वेलाचा शेंडा खुडायचं तुम्ही लिहिलंत, तेव्हा खरं सांगते, हात होईना. इतका कोवळा, लव असलेला, वाऱ्याकडं तोंड करून काहीतरी शोधत असलेला. बरेच दिवस टाळलं. वेल सरळ वाढत गेला आणि फुलं आली ती सगळी लांब देठाची, नराची. मग डोळे मिटून खुडला. बाजूनं फांद्या फुटल्या आणि त्यांच्यावर मादीची फुलं आली. फुलामागं करंगळीएवढा दुधी जन्मापासूनच धरलेला. ते पहिल्यांदा दिसलं त्या संध्याकाळी मी काकूंना हाताला धरून वर नेलं.

पण ते इवलेसे दुधी पिवळे पडून गळायला लागले. एकेक करून. मी तुम्हाला विचारणार होते, पण तुमच्याकडं असं कधी झालंच नसेल. म्हणून रविवारच्या एका वर्गाला गेले. कृषी महाविद्यालयातल्या एक बाई परसबाग शिकवतात. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, गच्ची कितव्या मजल्यावर? मी सांगितलं, तिसऱ्या. म्हणाल्या, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याला रात्रीची पाखरं लागतात. तुमच्याकडं दिवे फार आणि पाखरं कमी. पाखराचं काम तुम्ही करा.

त्यांनी करून दाखवलं. ताजं उमललेलं नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागं सारायच्या आणि आतला पिवळा पराग मादीच्या फुलाच्या मधोमध हलक्या हातानं टेकवायचा. रगडायचं नाही. मी आधी चुकले. सकाळी तोडून ठेवलेलं फूल वापरलं, ते निर्जीव झालेलं. एकदा घाईत मादीचं फूलच देठासकट हातात आलं. आता जमतंय.

अत्या, ती वेळ तुम्ही बघायला हवी होती. ऊन उतरतं, गोदावरीकडून जरा गार वारा येतो, गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन मध्येच ऐकू येतं, मध्येच विरतं. मी चहाचा कप कठड्यावर ठेवते. तोवर कळीच असते. मी एक घोट घेते, लांब एखादी गाडी स्टेशनात शिरते, परत वळून बघावं तर फूल उघडलेलं. उघडताना कधीच दिसत नाही. पांढरं, ओल्या कागदासारखं. अंधार पडला तरी तेवढं पांढरं दिसत राहतं. अशा वेळी मला आपण कुठं आहोत, वय काय, कुणाचे कोण, काही आठवत नाही. बरं वाटतं.

दिवाळीत ड्यूटी लागली. हैदराबादला गेले नाही, लातूरलाही येता आलं नाही. तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, "तुमचं दोघाचं बरं हाय न्हवं?" ती वाचून मी पत्र घडी करून ठेवलं, परत उघडलं.

मामांना जपा. त्यांच्या मनाला लागेल असं काही होऊ नये. पुढच्या महिन्यात तपासणी आहे ना?

तुमची सून,
मंजुश्री


नांदेड,
२२ डिसेंबर २०२४

ती. अत्या,

शरणू. हे पत्र एकट्या असताना वाचा. मामांसमोर नको.

सोमेश आणि मी आता नवरा-बायको नाही. मंगळवारी इथल्या कोर्टात झालं. अर्ज जूनमध्येच दिला होता, दोघांनी मिळून. मामांचं ऑपरेशन तेव्हाच निघालं, म्हणून ते पुरते बरे होईपर्यंत घरी बोलायचं नाही असं आमचं ठरलं. नोकरीसाठी नांदेडला आले हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं.

तुम्ही विचाराल, झालं काय? भांडण झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. त्यांनी हात उगारला नाही, मी उलटून बोलले नाही. हैदराबादच्या त्या घरात आम्ही दोघं झोपलेल्या माणसाजवळून जपून चालावं तसं चालायचो. त्यांनी हाक मारली की मी दचकायची आणि मी दचकले की ते माफी मागायचे. एके दिवशी जेवताना तेच म्हणाले, "मंजू, आपण दोघं चांगली माणसं आहोत. पण असं किती दिवस?" मला राग यायला हवा होता. मला मोकळं वाटलं.

कोर्टाच्या आदल्या दिवशी ते रेल्वेनं आले. लॉजवर उतरले होते, पण संध्याकाळी घरी आले. काकूंना काही माहीत नाही. जावई आले म्हणून त्यांनी पोहे टाकले आणि त्यांना वर गच्चीवर पाठवलं. मी वेलाजवळ होते, हातात नराचं फूल.

"काय करायलीस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, मी करून बघू का? मी फूल त्यांच्या हातात दिलं. मी हळू, हळू म्हणत होते. त्यांनी टेकवलं आणि विचारलं, लागेल का हे? मी म्हटलं, चार-पाच दिवसांत कळतं. लागलं तर फळाचा देठ खाली वळतो, नाहीतर पिवळं पडतं.

मग आम्ही कठड्याशी बसून पोहे खाल्ले. एवढं मोकळं आम्ही लग्नात कधी बसलो नव्हतो. अंधारून आल्यावर ते म्हणाले, "आईला मी सांगतो. पुढच्या रविवारी घरी जातो. तू त्रास घेऊ नको."

मी म्हटलं, "अत्यांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागेल. ही गोष्ट ओरडून सांगायची नाही रे. मला लिहू दे."

त्यांनी पोह्यांच्या ताटल्या उचलल्या. जिना उतरताना म्हणाले, "लिही. पण दोष कुणाचा ते लिहू नको." मी लिहिणारही नव्हते.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीश बाईंनी विचारलं, अजून विचार करायचा आहे का? आम्ही दोघं एकदम "नाही" म्हणालो. कितीतरी दिवसांनी आम्ही एकदम काही बोललो, म्हणून एकमेकांकडं बघून हसू आलं. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. त्यांची गाडी होती, ते गेले. मी लॅबला गेले, दुपारची पाळी केली.

त्यांनी लावलेलं फळ धरलंय. काल देठ वळला.

अत्या, मला तेव्हा रडू आलं नाही. घरी येऊन तुमची पत्रं हाताशी लागली तेव्हा आलं. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. त्यानंतर माझ्या ताटात मला न विचारता तूप वाढणारं माणूस तुम्ही होतात. कोर्टाच्या कागदावर माझं आणि सोमेशचं नाव होतं. तुमचं कुठंच नव्हतं. तुमच्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी "नाही" म्हणाले नसते.

तुम्हाला राग येईल. तो मी समजून घेईन. उत्तर आलं नाही तरी समजून घेईन.

खाली काय लिहावं ते कळत नाही.

मंजुश्री


लातूर,
३० डिसेंबर २०२४

चि. मंजूस गुरम्माचे आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारच्याला आलं. हे दुकानात व्हते. मी मोरीमागं बसून वाचलं. मग चुलीपाशी येऊन आणिक एकदा वाचलं. रातीला जेवले न्हाई, ह्यान्ला उपास हाय म्हणलं. ते म्हणले, शुक्रवारचा कसला उपास? मी ऐकू आलं न्हाई असं केलं. बहिरेपणाचा तेवढा एक उपेग हाय.

राग आला. खोटं कशाला बोलू. दोघाचा बी आला. तुझ्यासाठी दिवाळीला साडी घेतली व्हती, जांभळ्या काठाची. तू आली न्हाईस तवाच मनात आलं, हितं काईतरी हाय. पण आपल्या मनातलं आपुनच खोटं पाडावं वाटतंय.

काल सोमेश आला. लई वाळलाय. मला आतल्या खोलीत नेलं, हात धरला आन् बोलला. लई हळू बोलला. मला काई ऐकू आलं न्हाई. नुसते व्हट हलत व्हते. लहानपणी दप्तर हरवून आला तवा असंच तोंड झालतं. मी हाव म्हणलं, डोक्यावरून हात फिरवला. तुझं पत्र आधीच आल्याचं मी बोलले न्हाई, त्याला वाटतंय, माझ्या तोंडूनच आईला कळलं. तसंच असू दे. तू त्याला काई सांगू नको.

ह्यान्ला मी सांगीन. डाक्टरकडची फेरी पुढं गेलीय, ती होऊ दे. माझं मी बघते, तू झुरू नको.

दुधी कवळा हाय तवरच तोड. मोठा करायच्या नादात आत बिया धरतेत मग गोडी न्हाई ऱ्हात. हातानं फूल टेकवायचं मी जल्मात केलं न्हाई, आमच्याकडं पाखरं करत्यात. वाचून मला नवल वाटलं. संक्रांतीच्या आदी बसनं नांदेडला येते. दोन दिस ऱ्हाईन. साडी घेऊन येते, ती तुझीच हाय, ती काई कोर्टात दिलेली न्हाई. संध्याकाळच्याला मला वर ने आन् दाखव. पायऱ्या किती का असंना, थांबत थांबत येईन.

आन् खाली काय लिहावं कळंना म्हणतीस. सून लिहू नको, ते संपलं. पण नवऱ्याच्या आईला अत्या म्हणतेत, तसं बापाच्या भनीला बी अत्याच म्हणतेत. आता मी ती. ह्याला कुनाची सही लागत न्हाई.

तुझी बापाकडची अत्या,
गुरम्मा